आउटपुट डिव्हाइस क्रमांक सात

हितेंद्र धुरींचं म्हणणं एवढंच होतं, की ज्या माणसाने फोर्टातल्या एका जहाज कंपनीच्या संगणक विभागात सत्तावीस वर्षं काढली, त्याच्यासमोर "स्पीकरचंच काम आहे ना, लालबागच्या एखाद्या डेकोरेटरचा माणूस बोलवू" असं कुणी बोलू नये. तात्या राऊळ बोलले. तेही सोसायटीच्या सभेत, बिस्किटांची ताटली फिरत असताना, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. सेक्रेटरी झाला म्हणून माणसाने काहीही बोलावं का, हा प्रश्न धुरींनी घरी आल्यावर बायकोला, म्हणजे मेघनाला, तीन वेळा विचारला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "अहो, पण मला कशाला विचारताय? मी कुठे सेक्रेटरी आहे?"

मूळ प्रकरण पाण्याचं. चिंचपोकळीची मुकादम चाळ पाडून बिल्डरने तिथे बावीस मजले चढवले आणि त्यांना 'रॉयल मुकादम हाइट्स' असं नाव दिलं. मुकादमांच्या घराण्यात रॉयल काय होतं, हे त्यांच्या वारसांनाही सांगता आलं नसतं. चाळकरी वर राहायला गेले आणि एकमेकांना ऐकू येईनासे झाले. पाणी जाणार असलं की तात्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सूचना टाकायचे, आणि ती कुणाच्या तरी वाढदिवसाच्या दीडशे केकांखाली गाडली जायची. अशाच एका सूचनेपायी चौदाव्या मजल्यावरचे कुशाबा शिर्के अंगभर साबण लावलेल्या अवस्थेत पाऊण तास बाथरूममध्ये अडकले. बाहेर हॉलमध्ये सुनेच्या माहेरची माणसं बसलेली, त्यामुळे ओरडायचीही सोय नव्हती.

तेव्हा सभेत ठरलं, की प्रत्येक मजल्याच्या लॉबीत बिल्डरने जो स्पीकर लावलाय, जो गेल्या दीड वर्षात फक्त एकदा "टेस्टिंग, टेस्टिंग" एवढंच बोललाय, त्यातून सूचना द्यायच्या. त्यावर तात्यांनी ते डेकोरेटरचं वाक्य टाकलं, आणि धुरी उठून उभे राहिले.

"माणूस कशाला? मी प्रोग्रॅम लिहितो. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सूचना टाकली, की ठरल्या वेळी आपोआप सगळ्या मजल्यांवर ऐकू येईल."

"आणि आवाज कुणाचा?" तात्यांनी विचारलं.

धुरींनी याचा विचार केलेला नव्हता. पण रागाच्या भरात माणसाला कधीकधी बरं सुचतं. "जाईबाईंचा," ते म्हणाले, आणि सभेत एकदम कुजबुज झाली. चांगली कुजबुज.

जाईबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या. तरुणपणी मिलच्या वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यात होत्या. तिथे शेजारणीशी दोन शब्द बोलायचे तरी यंत्रांच्या वर आवाज काढावा लागे. तो त्यांनी पुढे खाली आणलाच नाही. चाळीत नळ आला की त्यांची एकच हाक, "पानी इलाऽऽ!" आणि तिन्ही मजल्यांवर बादल्या हलायच्या. आता त्या सतराव्या मजल्यावर नातवाकडे राहत. सकाळी नऊला खाली यायच्या आणि ऑफिसच्या खिडकीबाहेरच्या बाकावर जेवणवेळेपर्यंत गप्प बसून राहायच्या. ज्यांनी त्यांना चाळीत पाहिलं होतं, त्यांना ते गप्प बसणं बघवत नसे.

तर काम ठरलं. आता कुणाला वाटेल की धुरींनी लगेच ते सुरू केलं असेल. तसं नाही. आधी परवानगी. स्पीकरचा अॅम्प्लिफायर बिल्डरने नेमलेल्या देखभाल कंपनीच्या ताब्यात, आणि तिथे सलोनी मॅडम. त्यांनी अत्यंत गोड बोलून एक फॉर्म दिला. त्यात 'ध्वनीचा प्रकार' या रकान्यात ढोल-ताशा, बँजो, डीजे आणि इतर असे चार चौकोन होते. धुरींनी 'इतर'वर खूण करून पुढे 'जाईबाई' असं लिहिलं. चार दिवसांनी फॉर्म परत आला. शेरा होता: 'सदर उपकरणाचे गॅरंटी कार्ड जोडावे.'

"मॅडम, ती बाई आहे!" धुरी म्हणाले.

"सर, देन आधार कार्ड लगा दीजिए ना," सलोनी मॅडम म्हणाल्या.

आधार कार्ड जोडल्यावर परवानगी मिळाली. सत्तावीस वर्षांत आपण बंदरातली जहाजं कागदावर हलवली, पण एवढे कागद लागले नव्हते, असं धुरी लिफ्टमध्ये एका अनोळखी माणसाला म्हणाले. तो कुरिअरवाला होता. सातव्या मजल्यावर उतरून गेला.

मग खरं काम. हल्ली अशा प्रोग्रॅमसाठी आवाज वाजवण्याचं कोड आयतं मिळतं. त्या संचाला लायब्ररी म्हणतात. "लायब्ररी बघावी लागेल," असं धुरी म्हणाले तेव्हा मेघनाने दादरच्या वाचनालयातली दोन पुस्तकं त्यांच्या हातात दिली, "जाताच आहात तर बदलून आणा." धुरींनी ती बदलूनही आणली. घरात शब्दांवरून वाद घालण्यात अर्थ नव्हता.

लायब्ररीला आधी सांगावं लागतं की आवाज कुठून काढायचा. म्हणजे आउटपुट डिव्हाइस. त्यासाठी ती कॉम्प्युटरला जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी दाखवते, आणि आपण त्यातला एक क्रमांक द्यायचा. धुरींनी यादी मागवली. शून्यापासून तेरापर्यंत चौदा उपकरणं आली. ऑफिसात टेबल एक, खुर्च्या तीन, कॉम्प्युटर एक आणि अॅम्प्लिफायरला जाणारी वायर एक. पण उपकरणं चौदा! त्यातही एकच अॅम्प्लिफायर चार वेळा, चार वेगवेगळ्या क्रमांकांनी, नाव मात्र तेच. हा काय रेशनकार्डावरचा घोटाळा आहे का, असं धुरी मोठ्याने म्हणाले.

मागे कुशाबा उभे होते. साबणाच्या प्रसंगापासून ते या कामात जातीने लक्ष घालत. "चार आहेत तर एक आमच्या मजल्याला जास्त द्या," ते म्हणाले.

"चार नाहीत हो. एकच आहे. चार वेळा दिसतोय."

"मग रिस्टार्ट करा."

कुशाबांचा हा सल्ला सगळ्या गोष्टींना लागू असे. लिफ्ट, मिक्सर, एकदा तर सुनेचा अबोला.

पहिल्या प्रयत्नात धुरींनी 'डीफॉल्ट', म्हणजे कॉम्प्युटरला जे आवडेल ते, असं ठेवलं. कॉम्प्युटरला मॉनिटर आवडला. मॉनिटरला स्पीकरच नव्हता. तरीही प्रोग्रॅमने 'सूचना यशस्वीरीत्या वाजली' असं लिहून टाकलं. खोटं बोलायची ही हिंमत सेक्रेटरीचीही झाली नसती.

मग जाईबाईंना ऑफिसात बोलावून रेकॉर्डिंग सुरू झालं. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की', 'पाणी', 'लिफ्ट', 'टाकी', 'देखभालीस्तव', 'दहा वाजता', 'बंद राहील' असे तुकडे घ्यायचे आणि प्रोग्रॅमने हवे तसे जोडायचे. अडचण अशी की धुरी कॉम्प्युटरमागून सांगत ते जाईबाईंना नीट ऐकू जात नव्हतं. त्यांच्या नातवाने, विनीतने, त्यांना कानात घालायचं नवीन यंत्र आणून दिलं होतं. ते ब्लूटूथवर मोबाइलला जोडता येई. धुरींनी ते कॉम्प्युटरलाच जोडून टाकलं. आता त्यांचं बोलणं थेट जाईबाईंच्या कानात. स्वतःच्या या युक्तीवर ते इतके खूश झाले, की काम संपल्यावर ते यंत्र कॉम्प्युटरवरून सोडवायला विसरले. हे मुद्दाम सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचे सतरा दिवस जे घडलं, त्याचा दोष धुरी जगातल्या प्रत्येकाला देणार होते.

पहिली चाचणी झाली तेव्हा रेकॉर्डिंगचा वेग एक आणि वाजवायचा वेग दुप्पट, असं काहीतरी झालं होतं. कॉम्प्युटरच्या आतल्या छोट्या स्पीकरमधून पहिलीतल्या मुलीसारखा चिवचिवाट आला.

जाईबाई ताडकन उठल्या. "ह्यो माझो आवाज? मेल्या हितू, माका काय कोणी चिमटो काढल्यान?"

"जाईबाई, सॅम्पल रेट चुकलाय. आत्ता नीट करतो."

"रेट तुझो चुकलो, आणि लाज माझी गेली!" असं म्हणून त्या वर निघून गेल्या.

त्या गेल्यावर धुरींनी वेग दुरुस्त केला, एकेक क्रमांक घालून पाहिला, आणि सातव्या क्रमांकाला सगळ्या बावीस मजल्यांवरून जाईबाईंचा दणदणीत, खराखुरा आवाज निघाला. धुरी खुर्चीतून उठले आणि एकटेच टाळ्या वाजवू लागले. प्रोग्रॅममध्ये त्यांनी ठळक लिहून ठेवलं: डिव्हाइस सात. आणि तात्यांना निरोप पाठवला: 'डेकोरेटरला नको म्हणून सांगा.'

दुसऱ्या दिवसापासून रोज साडेनऊला वॉचमनने कॉम्प्युटर सुरू करायचा आणि दहाला सूचना आपोआप, अशी व्यवस्था लागली. धुरी एकविसाव्या मजल्यावर राहतात. दहाला ते मुद्दाम खिडकीत उभे राहिले. खालून जाईबाईंचा आवाज आला, इमारतीच्या दोन विंगांमधून घुमत, शब्द पुसटसे पण आवाज पक्का. धुरींनी डोळे मिटून ऐकला. मेघनाने चहा आणून ठेवला, तोही न मागता. तिच्या बाबतीत ही मोठीच दाद होती.

आठवडाभर कौतुक झालं. लिफ्टमध्ये माणसं आपणहून बोलू लागली. पण त्या कौतुकातच काहीतरी खटकू लागलं.

"काय प्रोग्रॅम आहे हो तुमचा!" कुशाबा म्हणाले. "पाणी जाणार हे तर सांगितलंच, वर सांगितलं की शिर्क्यांनो, आधी आंघोळी उरका."

"असं मी टाकलेलं नाही," धुरी म्हणाले.

दोन दिवसांनी कळलं, की लिफ्ट बंदच्या सूचनेला जोडून 'तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीला कुणी दार वाजवून उठवू नये' असंही सांगण्यात आलं. मग कुणाचं तरी हरवलेलं मांजर. मग भाजीवाला गेटवर आलाय, मेथी चांगली आहे.

धुरींचं डोकं फिरलं. आपल्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी हात घालतंय! आणि तो कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. ऑफिसची चावी वॉचमनखेरीज तात्यांकडेच. त्यांनी दीड पानी तक्रार लिहिली: 'सूचनाप्रणालीत अनधिकृत मेथी घुसवण्यात येत असून...' तात्या संध्याकाळी ते पत्र घेऊन स्वतः एकविसाव्या मजल्यावर आले.

"धुरी, मला तो कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नाही. देवाशप्पथ सांगतो."

"मग जाईबाईंच्या आवाजात मेथी कुणी बोललं?"

"जाईबाईच बोलल्या असतील!" तात्या वैतागून म्हणाले आणि गेले. धुरींना हे उत्तर अत्यंत बेजबाबदार वाटलं.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला ते स्वतः ऑफिसात जाऊन दबा धरून बसले. दहा वाजले. पडद्यावर ओळ उमटली: 'सूचना वाजत आहे, डिव्हाइस ७.' ऑफिसच्या दारावरच्या स्पीकरमधून काहीही आलं नाही. लॉबीच्या स्पीकरमधून काहीही आलं नाही. धुरींनी कान लावला. शांतता. पडद्यावर मात्र आलं, 'सूचना यशस्वीरीत्या वाजली.'

तेवढ्यात त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. बाकावर जाईबाईंनी बोट कानाशी नेलं होतं. मान किंचित तिरकी, चेहरा गंभीर, फोनवर साहेबांचा हुकूम ऐकावा तसा. मग त्या उठल्या, पदर खोचला, दोन विंगांच्या बरोबर मधे जाऊन उभ्या राहिल्या, मान वर केली आणि बावीस मजल्यांना उद्देशून सुटल्या:

"पानी अकराक जातलाऽऽ! टाकी धुवूची आसा! गावड्यांनू, तुमच्या गॅलरीतली चादर पडलीहा, घेवन जावाऽऽ!"

धुरी खुर्चीत बसले. ते बसलेलेच होते, पण पुन्हा बसले. त्यांनी यादी मागवली. चौदा उपकरणांची आता सोळा झाली होती. कानातलं यंत्र जवळ आलं की कॉम्प्युटर ते जोडून घेत होता, यादी खाली सरकत होती, आणि सातव्या क्रमांकावर चाचणीच्या दिवशीचा अॅम्प्लिफायर राहत नव्हता. सातव्या क्रमांकावर जाईबाईंचा उजवा कान होता. सकाळी कॉम्प्युटर सुरू होण्याआधी त्या बाकावर येऊन बसत. म्हणजे सतरा दिवसांत बावीस मजल्यांच्या स्पीकरमधून एक अक्षरही निघालेलं नव्हतं.

"तुला कळलं नाही?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"साब, हमको लगा यही सिस्टम है," वॉचमन म्हणाला. "माताजी को कान में आता है, माताजी बोलती हैं."

धुरी बाहेर आले. "जाईबाई, तुमच्या कानात काय येतं?"

"माझोच आवाज येता. पानी जाणार, लिफ्ट बंद. तू माका सांगतस, आणि मी सगळ्यांका सांगतंय. तेच काम दिलंस मा?" जाईबाई म्हणाल्या. आणि मग जरा आवाज उतरवून, म्हणजे फक्त चौथ्या मजल्यापर्यंत जाईल एवढा करून, त्या म्हणाल्या, "बरा केलंस, हितू. दीड वर्षा नुसती बसान होतंय."

धुरी आत गेले आणि रागारागाने दुरुस्ती केली. क्रमांक काढून टाकला. डिव्हाइस नावाने शोधायचा, यादी कितीही सरकली तरी अॅम्प्लिफायरच सापडायला हवा. वीस मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी दहाला सगळ्या मजल्यांच्या स्पीकरमधून निर्दोष, खणखणीत सूचना गेली. जाईबाई बाकावर होत्या. त्यांनी कान झटकला, यंत्र काढून पुसलं, परत घातलं, आणि मग स्पीकरकडे बघत बसून राहिल्या.

चार दिवसांत ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या. आवाज यांत्रिक येतोय. मेथीचं कळत नाही. बाळंतिणीची तर झोपच उडाली, स्पीकर तिच्या दाराच्या वरच होता. "पहिल्यासारखं करा," असं अडतीस जणांनी लिहिलं, आणि कुशाबांनी लिहिलं, "रिस्टार्ट करा."

पुढच्या सभेत धुरी उभे राहिले आणि त्यांनी सगळं खरं सांगितलं. सांगायचं नव्हतं. शाल-नारळ समोरच्या टेबलावर आणून ठेवलेला होता आणि तो कुणासाठी हे त्यांना माहीत होतं. पण खोटं फक्त प्रोग्रॅमने बोलावं, माणसाने बोलू नये, अशी त्यांची समजूत होती. "थोडक्यात," ते म्हणाले, "आधी बिघाड होता. आता दुरुस्त आहे. तुम्ही दुरुस्तीबद्दल तक्रार करताय!"

सभेने पाच मिनिटं चर्चा केली. तात्यांनी ठराव लिहिला आणि वाचून दाखवला:

"ठराव क्रमांक नऊ. श्री. हितेंद्र धुरी यांनी केलेली दुरुस्ती रद्द करून पूर्वीचा बिघाड कायमस्वरूपी चालू ठेवण्यात यावा. सूचक, श्री. कुशाबा शिर्के. अनुमोदक, उपस्थित सर्व."

"अहो, बिघाड असा मुद्दाम चालू ठेवता येत नाही!" धुरी ओरडले. "बिघाड आपोआप होतो! मुद्दाम करायचा तर तो नीट लिहावा लागतो!"

"मग नीट लिहा," तात्या म्हणाले. "तुम्ही सत्तावीस वर्षं संगणक विभागात होतात ना?"

हा टोमणा होता की मान, हे धुरींना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पण त्यांनी लिहिलं. पाच दिवस लागले. आधी जाईबाईंचं यंत्र नावाने शोधायचं. सापडलं तर फक्त तिथेच बोलायचं. त्या खाली नसतील किंवा आगीसारखी भानगड असेल, तर सगळे स्पीकर. सत्तावीस वर्षांत इतका काटेकोर कोड त्यांनी लिहिला नव्हता, आणि तो बिघाड म्हणून मंजूर झालेला होता.

पहिल्या दिवशी दहा वाजले. पडद्यावर सूचना यशस्वी झाली. बाहेरून काही ऐकू आलं नाही. धुरी धावत बाहेर गेले. जाईबाई हाताची घडी घालून बाकावर बसलेल्या.

"ऐकू आलं नाही का?"

"इला. पण मी नाय बोलूचंय."

"का?"

"ही काय भाषा आसा? 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की पाण्याच्या टाकीच्या देखभालीस्तव...' श्वास खय घेवचो? इतके दिस मी मनान सुधारून बोलत होतंय. आता सभेत माझा नाव घातलास, आता नीट लिहून दी."

ती भाषा धुरींची होती. मसुद्यातल्या 'देखभालीस्तव'वर ते विशेष खूश होते. जहाज कंपनीत त्यांच्या मसुद्याला कधी कुणी हात लावला नव्हता. तरी ते घरचा लॅपटॉप ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडून, तो मांडीवर घेऊन बाकावर बसले. जाईबाई बोट दाखवत गेल्या आणि ते खोडत गेले. शेवटी उरलं ते असं: 'पाणी अकराला जाणार. भरून ठेवा.'

"आता हे परत तुमच्या आवाजात घ्यायला हवं," धुरी दुखावल्या स्वरात म्हणाले.

"माझ्या कानात माझोच आवाज कित्याक? येडा लागात माका. तू बोल."

आजूबाजूला कुणी नाही असं बघून धुरींनी माइक तोंडाशी धरला. "कृपया लक्ष द्या. पाणी अकराला..."

"कृपया काढ."

त्यांनी 'कृपया लक्ष द्या' काढलं. पुन्हा बोलले, पाच शब्द, आणि बटण दाबलं. जाईबाईंनी बोट कानाशी नेलं, ऐकलं, मान डोलावली. मग उठून पदर खोचून मधे जाऊन उभ्या राहिल्या आणि मान वर केली. हाक गेली. ती वर चढत जाताना धुरी बघत राहिले, जणू ती दिसणारच होती. चौदाव्या मजल्यावरची एक खिडकी खाडकन उघडली आणि कुशाबांचं डोकं बाहेर आलं.

"ऐकलंऽऽ! आंघोळ झालीऽऽ!"

पाठोपाठ सहाव्यावरून कुणीतरी "बाई, किती वाजेपर्यंत?" असं विचारलं, आणि नवव्यावरून त्याला तिसऱ्याच कुणीतरी उत्तर दिलं. धुरींनी संतापून लॅपटॉपकडे पाहिलं. उलट उत्तरं येऊ लागली तर काय करायचं, याची प्रोग्रॅममध्ये काहीही सोय नव्हती.